कलमात लिहिलेलं आणि सवयीनं चाललेलं

वाचकांचे प्रश्न : नेपाळचा कारभार आणि आपला

सप्टेंबर 2025 च्या आंदोलनात काठमांडूत नेपाळच्या संसदेची इमारत पेटली, तेव्हापासून बेळगाव, निपाणी, खानापूर, अथणी भागातून पत्रं येत आहेत. पंतप्रधान, दोन सभागृहं, प्रदेश, पालिका अशी सगळी मांडणी आपल्यासारखीच असताना तिकडचं सरकार टिकत का नाही, हा बहुतेकांचा प्रश्न. पाच पत्रं इथं घेतली आहेत. लांबलेली थोडी छाटली आहेत.

निवृत्त शिक्षक, निपाणी : महोदय, निवृत्त सरन्यायाधीश थेट पंतप्रधान झाल्या असं वाचलं. त्या खासदार नव्हत्या. आपल्याकडे अशा वेळी सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. तिकडे तसंच आहे का? आणि तिथं वरचेवर विश्वासदर्शक ठराव का मांडतात?

गुरुजी, सहा महिन्यांची सवलत नेपाळात मंत्र्याला आहे, पंतप्रधानाला नाही. आपल्या घटनेत कलम 75 पंतप्रधानालाही ती देतं, शिवाय राज्यसभेचं सदस्यत्वही चालतं. एच. डी. देवेगौडा 1 जून 1996 रोजी पंतप्रधान झाले तेव्हा कोणत्याच सभागृहात नव्हते. पुढे राज्यसभेवर गेले. नेपाळच्या 2015 च्या घटनेतलं कलम 76 सांगतं की पंतप्रधान प्रतिनिधी सभेचा, म्हणजे खालच्या सभागृहाचा सदस्यच हवा. शिवाय कलम 132 नुसार सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती सरकारी पद घेऊ शकत नाहीत. म्हणजे तुम्ही म्हणता त्या निवृत्त सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्यासमोर एक सोडून दोन कुलपं होती. राष्ट्रपतींनी घटनेचं रक्षण करण्याचं कर्तव्य सांगणाऱ्या कलम 61 चा आधार घेतला. 12 सप्टेंबर 2025 रोजी शपथ झाली, प्रतिनिधी सभा विसर्जित झाली आणि 5 मार्च 2026 ही निवडणुकीची तारीख तेव्हाच जाहीर झाली. कायद्याच्या काटेकोर वाचनात हे बसत नाही, असं आमचं मत आहे. पण आंदोलनाच्या पहिल्याच दिवशी रस्त्यावर 19 जीव गेलेले, पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिलेला, अशा वेळी दुसरी वाट कुठली होती, हे टीकाकारांनाही नीट सांगता आलेलं नाही.

आता विश्वासदर्शक ठराव. कलम 76 ही जिन्यासारखी पायऱ्यांची रचना आहे. एका पक्षाला बहुमत असेल तर त्याचा नेता. नसेल तर दोन किंवा अधिक पक्षांच्या पाठिंब्यानं जो बहुमत दाखवेल तो. तेही जमलं नाही तर सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता. तोही पडला तर ‘मी विश्वास मिळवीन’ असा आधार दाखवणारा कोणताही सदस्य. पहिली पायरी सोडली तर बाकी प्रत्येकाला 30 दिवसांत सभागृहात मत घ्यावं लागतं. सगळ्या पायऱ्या संपल्या की विसर्जन, आणि सहा महिन्यांत निवडणूक.

इथवर ठीक. खरी मेख कलम 100 मध्ये आहे. आघाडीतल्या एखाद्या पक्षानं पाठिंबा काढला की पंतप्रधानानं पुन्हा 30 दिवसांत विश्वास मिळवायचा. पुष्पकमल दहल ‘प्रचंड’ डिसेंबर 2022 मध्ये पंतप्रधान झाले. जानेवारी 2023 मध्ये त्यांना 275 पैकी 268 मतं पडली. मग मित्रपक्ष बदलत गेले, तसतसं घड्याळ पुन्हा पुन्हा लागलं. एकूण पाच वेळा मत घ्यावं लागलं आणि 12 जुलै 2024 च्या पाचव्या खेपेला हातात राहिली 63.

उलट बाजूनं अविश्वासाला लगामही आहे: नेमणुकीनंतर पहिली दोन वर्षं ठराव आणता येत नाही, एकदा फसला तर आणखी वर्षभर नाही, आणि ठरावातच पुढच्या पंतप्रधानाचं नाव घालावं लागतं. स्थैर्य यावं म्हणून हे घातलं. पण पाठिंबा काढून घेणं पुरेसं असल्यावर अविश्वास आणायची गरजच कुणाला? पुढचं दार बंद करून मागचं उघडं ठेवल्यासारखं झालं.

आपल्याकडे यातलं जवळपास काहीच घटनेत लिहिलेलं नाही. कोणाला आधी बोलवायचं, किती दिवस द्यायचे, हे राष्ट्रपती किंवा राज्यपाल ठरवतात आणि वाद न्यायालयात जातो. याचा सर्वांत मोठा धडा कर्नाटकातलाच आहे. एप्रिल 1989 मध्ये एस. आर. बोम्मई यांचं सरकार सभागृहात बहुमत अजमावू न देता बरखास्त झालं. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की बहुमत राजभवनात मोजायचं नसतं, सभागृहात मोजायचं असतं. पुढे मे 2018 मध्ये राज्यपालांनी येडियुरप्पांना 15 दिवस दिले, न्यायालयानं ते दुसऱ्या दिवशी दुपारी चारवर आणून ठेवले. नेपाळात 30 हा आकडा घटनेत आहे, म्हणून तो कुणी 15 किंवा एक करू शकत नाही. मात्र न्यायालय तिकडेही सुटलेलं नाही. 2020 आणि 2021 मध्ये ओली यांनी दोनदा सभागृह विसर्जित करवलं आणि दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा जिवंत केलं. दुसऱ्या वेळी तर विरोधी नेते शेरबहादूर देउबा यांना नेमण्याचाच आदेश दिला.

असाच फरक अर्थसंकल्पातही दिसतो. नेपाळची संघीय अंदाजपत्रकाची तारीख, 15 जेठ, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीची, घटनेच्या कलमात आहे. आपली तारीख, 1 फेब्रुवारी, ही 2017 पासून रुळली. ती फक्त सवय आहे.

महाविद्यालयीन विद्यार्थी, अथणी : 275 च्या सभागृहात 32 जागांचा पक्ष पंतप्रधानपद कसं घेतो? आणि तिथं एक मतदार दोन मतं देतो म्हणजे काय? आमच्या मतदारसंघात 2019 ला आमदार अपात्र ठरून पुन्हा निवडणूक झाली. तसं तिकडे होतं का?

प्रचंड यांच्या पक्षाच्या 32 जागांचं नवल कर्नाटकात तरी वाटायला नको. 2018 मध्ये 37 आमदारांच्या पक्षाचे कुमारस्वामी मुख्यमंत्री झाले, ते अशाच आघाडीच्या गणितानं.

दोन मतांचं असं. प्रतिनिधी सभेच्या 275 जागांपैकी 165 थेट मतदारसंघांतून, आपल्या लोकसभेसारख्या. उरलेल्या 110 पक्षांच्या देशभरातल्या मतांच्या प्रमाणात. मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात: एकीवर उमेदवार, दुसरीवर फक्त पक्षाचं चिन्ह. यंत्र नाही, स्वस्तिकाचा शिक्का उमटवायचा.

वाटप कसं होतं ते छोट्या उदाहरणानं बघा. पाच जागा आहेत. अ पक्षाला 50,000 मतं, ब ला 33,000, क ला 14,000. प्रत्येकाची मतं 1, 3, 5 अशा विषम आकड्यांनी भागायची. अ चे भागाकार 50,000, 16,667, 10,000. ब चे 33,000, 11,000, 6,600. क चे 14,000, 4,667, 2,800. सगळ्यांतले पाच मोठे भागाकार निवडा: 50,000, 33,000, 16,667, 14,000, 11,000. अ ला दोन, ब ला दोन, क ला एक. हाच अ पक्ष पाचही मतदारसंघांत थोडा थोडा पुढे असता तर आपल्या पद्धतीत पाचही जागा घेऊन गेला असता.

अट एकच: देशभरात किमान 3 टक्के मतं हवीत. 2022 मध्ये एका फुटून निघालेल्या कम्युनिस्ट पक्षानं थेट 10 जागा जिंकल्या, पण 3 टक्क्यांची रेघ थोडक्यात हुकली आणि प्रमाणाच्या 110 मधून हाती शून्य. त्याच वर्षी पक्षाच्या मतपत्रिकेवर सर्वाधिक मतं एमाले या ओली यांच्या कम्युनिस्ट पक्षाला होती, तरी थेट जागांच्या जोरावर नेपाळी काँग्रेस 89 आणि एमाले 78 असा निकाल लागला. या पद्धतीत कुणाला एकट्याला बहुमत मिळणं अवघड, आणि ते मुद्दामच आहे. मधेसी (दक्षिणेकडच्या सपाट तराईतले लोक), दलित, जनजाती, स्त्रिया यांना यादीतून आणण्यासाठी ही किंमत मोजली आहे. संघीय संसदेत प्रत्येक पक्षाच्या सदस्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. थेट निवडणुकीत कमी पडल्या तर पक्षाला यादीतून भरून काढाव्या लागतात.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. अथणी, कागवाड, गोकाक या जिल्ह्यातल्या तिन्ही जागा 2019 च्या त्या 17 अपात्र आमदारांपैकी. सभाध्यक्षांनी अपात्र ठरवलं, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपात्रता कायम ठेवली पण निवडणूक लढवायला मोकळीक दिली, आणि 5 डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघंही दुसऱ्या पक्षातून परत आले. मधल्या काळातलं गणित लक्षात घ्या. 225 मधून 17 गेले, उरले 208, बहुमताचा आकडा 105 वर आला आणि भाजपकडे नेमके 105 होते. त्याआधी 23 जुलैला कुमारस्वामी सरकार 99 विरुद्ध 105 नं पडलं, तेव्हा बंडखोर सभागृहात आलेच नव्हते. आपल्याकडे हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत मोजतात, म्हणून हॉटेलात बसलेला आमदारही निकाल फिरवतो. नेपाळात विश्वासासाठी एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, म्हणजे सभागृह भरलेलं असेल तर 138. गैरहजर राहिलात तर ते सरकारविरुद्धच पडल्यासारखं. बसेस भरून आमदार हलवण्याचा उपयोग एकाच बाजूला होतो.

पक्षांतराचा निवाडा तिकडे सभाध्यक्षाच्या मर्जीवर कमी आणि पक्षाच्या पत्रावर अधिक अवलंबून: पक्षानं सोडून गेल्याचं कळवलं की जागा रिकामी. फुटायचं तर कायद्यानं केंद्रीय समिती आणि संसदीय पक्ष, दोन्हींत 40 टक्के लागत. ऑगस्ट 2021 मध्ये अध्यादेशानं ते 20 टक्के आणि दोहोंपैकी एकीत, असं केलं. दोन पक्ष फुटले, काम झालं, महिना-सव्वा महिन्यात अध्यादेश मागे. दोन्ही देशांत कायदा पक्षांतर थांबवायला लिहिला. तिकडे माप बदलून घेतलं, इकडे राजीनामा देऊन माप चुकवलं.

अपार्टमेंट संघाच्या सचिव, टिळकवाडी : आमचे राखणदार काका नेपाळचे, अकरा वर्षं इथं आहेत, आधार कार्डही आहे. दर निवडणुकीला गावी जातात. त्यांचं नाव इथल्याच यादीत घातलं तर?

ताई, घालू नका. आधार हे रहिवासाचं ओळखपत्र, नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. 1950 च्या मैत्री करारामुळे नेपाळी माणूस इथं व्हिसाशिवाय राहू शकतो, काम करू शकतो, पण मतदानाचा हक्क त्यात येत नाही. नमुना 6 वर ‘मी भारताचा नागरिक आहे’ अशी सही असते. ती खोटी ठरली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि ती भोगायची काकांनाच. चांगुलपणानं भरलेला अर्ज त्यांच्याच अंगाशी यायचा. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये परदेशातल्या नागरिकांच्या मतदानाची सोय करायला सांगितलं, पण 2022 च्या निवडणुकीपर्यंत ती झाली नव्हती. म्हणून त्यांची गावाकडची फेरी. संघाला मदत करायची तर निवडणुकीच्या आठवड्यात पगारी रजा द्या.

दुकानदार, खडेबाजार, बेळगाव : आमच्या महापौरांचं नाव पाठ होईस्तोवर वर्ष संपतं. काठमांडूचा महापौर पाच वर्षं हलत नाही म्हणे. ते बरं की आपलं?

बेळगाव महापालिकेत 58 प्रभाग. 3 सप्टेंबर 2021 ला मतदान झालं आणि महापौर निवडले गेले फेब्रुवारी 2023 मध्ये, तब्बल 17 महिन्यांनी. तोवर नगरसेवक निवडून आलेले पण सभेला अध्यक्ष नाही. 1976 च्या कर्नाटक कायद्यात महापौरांची मुदत एक वर्ष, पद आरक्षणानुसार फिरतं, आणि मतदान करतात नगरसेवकांसोबत आमदार-खासदारही. पण मुदतीपेक्षा मोठी गोष्ट ही की अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे असतो. महापौर सभा चालवतात. एक वर्षात बदलले तरी गाडा थांबत नाही, त्याचं कारणही तेच.

नेपाळात 753 स्थानिक पालिका आहेत: 6 महानगर, 11 उपमहानगर, 276 नगर आणि 460 गाउँपालिका. प्रमुख आणि उपप्रमुख (शहरात महापौर आणि उपमहापौर) थेट लोकांतून, पाच वर्षांसाठी, आणि मधे अविश्वासानं काढायची सोयच नाही. स्थानिक निवडणुकीची मतपत्रिका टॉवेलएवढी. मतदार सात शिक्के मारतो: प्रमुख, उपप्रमुख, वडा म्हणजे प्रभाग अध्यक्ष, महिला सदस्य, दलित महिला सदस्य आणि दोन खुले सदस्य. शिक्का रेघेवर पडला किंवा एका पदाला जास्त झाले की त्या पदाचं मत बाद. एवढ्या शिक्क्यांत हात चुकणारच.

अधिकारही खरे आहेत. घटनेच्या अनुसूची 8 मध्ये 22 विषय फक्त स्थानिक, त्यात बारावीपर्यंतच्या शाळासुद्धा. उपप्रमुखांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांची न्यायिक समिती असते: बांध, पाटाचं पाणी, मजुरी, उभ्या पिकातली गुरं असे 13 प्रकारचे वाद ती निकाली काढते. आपल्याकडे असा बांधाचा वाद ग्रामपंचायतीत तोंडी मिटला तर मिटला, नाहीतर तहसीलदार आणि दिवाणी कोर्ट.

अडतं ते पुढे. काठमांडूत 2022 मध्ये अपक्ष बालेन शाह महापौर झाले, पण उपमहापौर आणि सभेतलं बहुमत इतर पक्षांचं. पालिकेचं अंदाजपत्रक 10 असारपर्यंत, म्हणजे जूनच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास, मांडायचं असतं, आणि ते तयार करणारी समिती उपप्रमुखांच्या हाताखाली. दोघं दोन पक्षांचे असले आणि पटत नसलं की तारीख हुकते; दरवर्षी काही पालिकांत हे होतंच. काढता येत नाही म्हणून कुणी वाकतही नाही. वर मुख्य प्रशासकीय अधिकारी केंद्राकडून येतो, त्याची बदली महापौरांच्या हाती नाही. आपल्या पीडीओंवरून (पंचायत विकास अधिकाऱ्यांवरून) ग्रामपंचायतीत जे रुसवेफुगवे चालतात त्याची मोठी आवृत्ती समजा.

आणखी एक पळवाट सांगण्याजोगी आहे. दोन्ही पदांना उमेदवार देणाऱ्या पक्षानं त्यात एक स्त्री दिलीच पाहिजे, असा नियम. 2017 मध्ये पक्षांनी स्त्रियांना सरसकट ‘उप’ केलं. 753 पैकी फक्त 18 ठिकाणी स्त्री प्रमुख झाली. 2022 मध्ये आघाडी करून एका पक्षानं प्रमुख आणि दुसऱ्यानं उपप्रमुख उभा केला. कुठलाच पक्ष दोन्ही पदं लढवत नसल्यानं नियम लागूच झाला नाही.

बरं काय, म्हणाल तर आम्हाला थेट निवडलेला महापौर आवडेल, पण आयुक्तांचे अधिकार त्याच्याकडे न देता तो आणला तर नुसता फोटो मोठा होईल. आणि निवडणुका वेळेवर व्हायला हव्यात: नेपाळात 1997 नंतर थेट 2017 ला स्थानिक मतदान झालं, आणि कर्नाटकातल्या जिल्हा-तालुका पंचायतींची मुदत 2021 मध्ये संपून वर्षानुवर्षं निवडणूक लांबली. या बाबतीत कुणी कुणाला हसू नये.

शेतकरी, खानापूर तालुका : नेपाळात प्रदेशांच्या सीमा बदलायच्या तर कुणाला विचारतात? आपल्याला 1956 ला कुणी विचारलं नाही. भाषेचं काय?

1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना कायद्यानं चंदगड तालुका सोडून सगळा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आपल्या घटनेचं कलम 3 असं: राष्ट्रपतींच्या शिफारशीनं विधेयक येतं, संबंधित विधानसभेचं मत मागवतात, पण ते बंधनकारक नाही, आणि संसदेत साधं बहुमत पुरतं. 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विभाजनाचं विधेयक फेटाळलं. पुढच्याच महिन्यात संसदेनं ते मंजूर केलं. महाराष्ट्रानं 2004 मध्ये सीमाप्रश्नावर कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आहे. म्हणजे दार दोनच, संसद किंवा न्यायालय.

नेपाळात सीमा बदलणं ही घटनादुरुस्ती आहे. कलम 274 प्रमाणे असं विधेयक 30 दिवसांत प्रदेश सभांकडे जातं, त्यांनी तीन महिन्यांत एकूण सदस्यांच्या बहुमतानं होकार किंवा नकार द्यायचा. बहुसंख्य प्रदेश सभांनी नाकारलं तर विधेयक तिथंच मेलं. नाकारलं नाही तरी संघीय संसदेत दोन तृतीयांश लागतात. कुलूप भक्कम आहे. पण ते आधी आखलेल्या रेघेवर लागलं. 2015 मध्ये घटना मंजूर होताना सात प्रदेशांच्या रेघा वरूनच ओढल्या गेल्या आणि तराईत रक्त सांडलं. रुकुम आणि नवलपरासी हे दोन जिल्हे तर मधोमध चिरले. पूर्व रुकुम लुंबिनीत, पश्चिम रुकुम कर्णालीत. नवलपरासीचा एक भाग गंडकीत, दुसरा लुंबिनीत. जिल्हे 75 चे 77 झाले. पूर्व रुकुमच्या वाट्याला अवघ्या तीन गाउँपालिका आल्या. चंदगडचा माणूस बाजाराला बेळगावात आणि कोर्टकचेरीला कोल्हापूरकडे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना चिरलेल्या जिल्ह्याचं दुखणं वेगळं सांगायला नको. 2016 मध्ये पाच नंबरच्या, म्हणजे आताच्या लुंबिनी प्रदेशातले डोंगरी जिल्हे बाजूला काढायचा प्रस्ताव आला तेव्हा बुटवल भाग पेटून उठला. रेघ हलली नाही. कठीण कुलूप चुकीच्या रेघेलाही तितकंच सांभाळतं.

सीमेचा आणखी एक बारीक परिणाम राष्ट्रपती निवडणुकीत दिसतो. 1971 च्या लोकसंख्येवर आमदाराच्या मताचं मूल्य ठरतं: निपाणीच्या आमदाराचं 131, पलीकडे कागलच्या आमदाराचं 175. नेपाळात 2023 ला सगळ्या प्रदेश सभा सदस्यांचं 48 आणि संघीय सदस्यांचं 79, प्रदेश कुठलाही असो.

भाषेबाबत नेपाळची घटना उदार बोलते. देशातल्या सगळ्या मातृभाषा राष्ट्रभाषा; सरकारी कामकाज देवनागरीतल्या नेपाळीत; आणि प्रदेशाला कायद्यानं आपल्या बहुसंख्यांची भाषा जोडता येते. 2021 च्या जनगणनेत 124 मातृभाषा नोंदल्या आणि नेपाळी ही मातृभाषा असणारे निम्म्याहून कमी. पण ‘प्रदेशातले बहुसंख्य’ हे शब्द नीट वाचा. जी भाषा एका जिल्ह्यात मोठी आणि प्रदेशात छोटी, तिला या कलमानं फारसं काही मिळत नाही. आपली मराठी तिकडे असती तर तिची हीच गत झाली असती.

आपल्या घटनेत अशा भाषेसाठी वेगळी कलमं आहेत. 347 : पुरेशा लोकांनी मागणी केल्यास राष्ट्रपती निर्देश देऊ शकतात. 350 अ : प्राथमिक शिक्षण मातृभाषेत. 350 ब : भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. तालुक्यात किंवा पालिका क्षेत्रात 15 टक्क्यांवर अल्पसंख्याक असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राचं धोरण. धोरण म्हटलं की हक्कासारखं बजावता येत नाही, आणि अडचण तिथंच आहे.

रोजच्या कामाला सर्वांत उपयोगी कलम 350. तक्रार निवारणासाठी संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) किंवा पंचायतीत मराठी अर्ज नाकारला तर वाद घालू नका. अर्जाच्या पहिल्या ओळीतच ‘घटनेच्या कलम 350 नुसार’ असं लिहा, दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी पोच-पावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. उत्तर मराठीतच मिळेल याची हमी हे कलम देत नाही. फक्त ‘भाषा चालत नाही’ म्हणून अर्ज परत करता येत नाही.